तिथं काय आहे बघण्यासारखं

कंडक्टर नोकरीतून निवृत्त झाले त्याला बरीच वर्षं झाली होती, पण गावानं काही त्यांना निवृत्त होऊ दिलं नव्हतं. दुकानदारापासून डॉक्टरपर्यंत सगळे त्यांना कंडक्टरच म्हणायचे. त्यात त्यांचाही हात होताच. जन्मभर "पुढं चला, मागं जागा करा" हे एकच वाक्य पालथ्या घड्यावर पाणी ओतावं तसं लोकांवर ओतत आल्यामुळे त्यांचा आवाज एका पट्टीत जाऊन बसला होता आणि तिथून तो खाली यायला तयार नव्हता. जेवताना मीठ मागितलं तरी शेजारच्या घरातून कुणीतरी विचारायचं, काय झालं म्हणून.

राग तर नाकाच्या शेंड्यावरच. इतर माणसं सकाळी उठून तोंड धुतात. कंडक्टर आधी वैतागायचे आणि मग तोंड धुवायचे. वैतागायला काहीही चालायचं. पेपर उशिरा आला, पेपर लवकर आला, पेपरात काही नाही. पण अलीकडे त्यांच्या वैतागाला एक चांगलं भरभक्कम कारण मिळालं होतं. त्यांच्या गावाचा शोध लागला होता.

गाव म्हणजे समुद्राकाठची साधी वस्ती. उतारावरून खाली येणारे दोन रस्ते, खाऱ्या वाऱ्यानं गंजलेले खिडक्यांचे गज, वाळूवर पालथ्या घातलेल्या होड्या, एक शाळा, एक बसस्टँड. ज्याला जमेल तो शिकायला नाहीतर नोकरीला बाहेर पडायचा आणि तिकडचाच होऊन जायचा. मग कुणीतरी कॅमेरा घेऊन आलं, दोन दिवस राहिलं आणि परत जाऊन लिहिलं, की असं एक शांत, गोड, कुणाला ठाऊक नसलेलं गाव आहे. झालं. दर शुक्रवारी संध्याकाळी उतारावर मोटारींची रांग लागायला लागली, आणि शांतता जी गेली ती गेलीच.

"शोध लागला म्हणजे काय?" कंडक्टर भेटेल त्याला विचारायचे. "आम्ही काय हरवलो होतो? रोज गाडी भरभरून माणसं मी स्वतःच्या हातानं उतरवलीत इथं!"

त्यातून हे संकट घरात शिरलं. मुलगा जहाजावर कामाला, वर्षातून एकदा घरी यायचा. सूनबाई हुशार आणि धडाडीची. तिनं समुद्राकडची खोली स्वच्छ रंगवून घेतली, निळे पडदे लावले आणि शनिवार-रविवारी पाहुण्यांना द्यायला सुरुवात केली. खोली कंडक्टरांची होती. त्या दिवसांपुरती त्यांची कॉट स्वयंपाकघरामागच्या कोठीत, पिठाच्या डब्यांशेजारी जायची. खरं सांगायचं तर त्या खोलीत असतानाही ते खिडकीकडे पाठ करूनच बसायचे. समुद्राच्या उजेडानं पेपर वाचताना डोळ्यांना त्रास होतो म्हणायचे. पण खोली ती खोली. शुक्रवार उजाडला की ते उशी काखेत मारून कोठीत जायचे आणि जाताना सगळ्या घराला ऐकू जाईल असा सुस्कारा टाकायचे.

पाहुणे त्यांना काहीबाही विचारायचे. सूर्यास्त कुठून छान दिसतो?

"पश्चिमेकडून," कंडक्टर सांगायचे. "आमच्याकडे एकाच बाजूला होतो."

त्यांच्या बायकोला सगळा गाव काकू म्हणायचा. काकूंना पाहुणे फार आवडायचे. चहाची किटली घेऊन त्या निळ्या पडद्यांच्या खोलीत जायच्या आणि अर्धा अर्धा तास बाहेरच यायच्या नाहीत. तुम्ही कुठून आलात, याआधी कुठं गेला होता, आता पुढं कुठं? डोंगरातलं एखादं गाव, नदीकाठचं एखादं शहर, कुठला तरी पांढऱ्या वाळूचा किनारा. काकू सगळं नीट ऐकून घ्यायच्या आणि संध्याकाळी सूनबाईला सांगायच्या, जणू स्वतःच जाऊन आल्यात.

स्वतः मात्र त्या कुठं गेल्या नव्हत्या. माहेर, सासर, नात्यातली लग्नं आणि एकदा दवाखाना. लग्नानंतर सुरुवातीला त्यांनी हट्ट करून पाहिला होता, पण कंडक्टरांचं उत्तर तयार असायचं. "आठवडाभर गाडीतच असतो. सुटीच्या दिवशी पुन्हा गाडीतच बसू?" निवृत्त झाल्यावर उत्तर बदललं. "जन्मभर फिरलो. आता पुरे."

कंडक्टरांची गाडी मुक्कामी होती. दुपारी इथून निघायची, घाट चढून वरच्या शेवटच्या गावी दिवेलागणीनंतर पोहोचायची, रात्री तिथल्या डेपोत थांबायची आणि पहाटे अंधारातच परत फिरायची. आठवड्यातल्या तीन रात्री कंडक्टर त्या गावी काढायचे. नव्या नवरीच्या उत्साहानं काकूंनी एकदा म्हटलं होतं, "तुमच्या त्या मुक्कामाच्या गावी तरी न्या मला एकदा."

"तिथं काय आहे बघण्यासारखं?" कंडक्टर म्हणाले होते. "डेपो आहे."

काकूंनी तो विषय सोडला. मोठ्या गोष्टींत नवरे खोटं बोलतात असं त्यांनी ऐकलं होतं, आणि तिथं त्या डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवायच्या. इतक्या बारीक गोष्टीत कोण कशाला खोटं बोलेल, असं त्यांना वाटलं.

पुढं एका शनिवारी सकाळी भल्यामोठ्या टोपीची एक मुलगी आणि तिचा नवरा चहा पीत बसले होते. काकूंनी नेहमीप्रमाणे विचारलं, याआधी कुठं गेला होता? मुलीनं फोनमधले फोटो दाखवायला सुरुवात केली. दगडी फरशांच्या अरुंद गल्ल्या. वेलींनी झाकलेली घरं. आणि गावाच्या मधोमध एक तळं, चारी बाजूंनी पायऱ्या, संध्याकाळचे दिवे पाण्यात उतरलेले.

"इतकं शांत वाटतं ना तिथं," मुलगी म्हणाली. "आम्ही दोघं एक शब्दही न बोलता तीन तास बसलो होतो. तुम्ही गेला असालच, तुम्हाला काय, जवळच आहे." आणि तिनं गावाचं नाव सांगितलं.

ते कंडक्टरांच्या मुक्कामाचं गाव होतं.

काकूंनी फोटो पहिल्यापासून पुन्हा दाखवायला सांगितले. मग किटली तिथंच ठेवून त्या कोठीत गेल्या.

"तुमच्या मुक्कामाच्या गावी तळं आहे?"

"कुठलं तळं?" कंडक्टरांनी पेपरातून डोकं वर काढलं नाही.

"मी विचारतेय."

"तळंबिळं काही नाही. डेपो आहे, चहाची टपरी आहे."

"फोटो आहेत."

"दुसऱ्या कुठल्या तरी गावाचे असतील. हल्ली फोटोचं काय घेऊन बसलीस!"

काकूंनी साक्षीदार म्हणून त्या मुलीला टोपीसकट कोठीत आणलं. बिचारीनं घाबरत घाबरत एक फोटो शोधून काढला. त्यात ती डेपोच्या फाटकाशी हात उंचावून उभी होती. कंडक्टरांनी चष्मा लावला, काढला, पुसून पुन्हा लावला.

"फाटक आपलंच आहे," ते म्हणाले.

त्या दिवसापासून घरात जे सुरू झालं, त्याला भांडण म्हणता येणार नाही. भांडणाला दोन आवाज लागतात. सतत ओरडणाऱ्या माणसाच्या बायकोच्या हाती गप्प बसण्याचं हत्यार असतं, आणि काकूंनी ते वर्षानुवर्षं धार लावून ठेवलेलं होतं. चहा द्यायच्या तर कप टेकवताना म्हणायच्या, "घ्या. तळ्याकाठी प्यायची सवय असेल, इथं गोड लागायचा नाही." कंडक्टर फिरायला निघाले की, "बरोबरच आहे. संध्याकाळी पाण्याकाठी पाय मोकळे करायची जुनी सवय." कंडक्टरांच्या तळपायाची आग मस्तकात जायची. ते ओरडायचे, शपथा घ्यायचे, हातातला पेपर आपटायचे. काकू तोपर्यंत आत गेलेल्या असायच्या.

सूनबाईला मात्र त्या मन मोकळं करून सांगायच्या. "सवत असती ना, तर परवडली असती गं. तिच्या झिंज्या तरी उपटल्या असत्या. तळ्याशी काय भांडू? मी इथं त्यांच्या आईचं औषधपाणी करायची, पोराचा अभ्यास घ्यायची, आणि हे तिकडं गार वाऱ्यात पायऱ्यांवर बसायचे. घरी येऊन म्हणायचे, तिथं काय आहे! माझ्या वाटणीचंसुद्धा यांनी एकट्यानं बघून घेतलं."

इथवर कंडक्टरांनी सोसलं. पण एका दुपारी भाजी निवडता निवडता काकूंनी मान वर न करता विचारलं, "तुमच्या आई गेल्या तेव्हा मी माहेरी होते. शेवटी त्यांनी माझं नाव घेतलं म्हणून सांगितलं होतं तुम्ही मला. तेही असलंच होतं का?"

कंडक्टरांचा सगळा मान एकाच गोष्टीवर उभा होता, की हा माणूस कडू बोलतो पण खोटं बोलत नाही. स्वतःच्या मेहुण्याला त्यांनी बिनतिकिटाचा पकडून भर गाडीत दंड केला होता. त्यावरून सासुरवाडीशी वर्षभर बोलणं बंद होतं, तरी त्यांना त्याचं काही वाटलं नव्हतं. आणि आता एका टोपीवालीच्या फोटोपायी ही बाई त्यांच्या मेलेल्या आईच्या शब्दावर संशय घेत होती. आज हे गेलं, उद्या संसारातलं काय काय खोटं ठरेल कोण जाणे. त्यांना राग आला होता, आणि रागाच्या खाली भीती वाटत होती.

"चल," ते म्हणाले. "उद्याच्या उद्या चल. तुझ्या डोळ्यांनी बघ तिथं काय आहे ते. डेपो दाखवतो, माझी कॉट दाखवतो, तुझं ते तळं असलं तर त्यात जीव देतो!"

लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर नवरा-बायको पहिल्यांदा सहलीला निघाले ते असे.

सूनबाईला आनंद झाला. तिनं तिथं कुणाच्या तरी घरी खोली घेऊन द्यायची तयारी दाखवली. कंडक्टर खेकसले, "मुक्काम करायचा नाही. सकाळच्या गाडीनं जायचं, संध्याकाळच्या गाडीनं परत. आपण काय शोध लावायला निघालोय का?" तिनं मुकाट्यानं डबा भरून दिला. काकूंनी कपाटातली ठेवणीतली साडी नेसली आणि वर जुना स्वेटर घातला, म्हणजे कुणाला वाटू नये की त्या खुशीत आहेत.

गाडीत कंडक्टरांना नवीनच वैताग. हल्लीचा कंडक्टर कोवळा, मशीनमधून तिकीट फाडून देतो, माणसं मोजत नाही, घंटी धड वाजवत नाही. "अहो, मागं दोन माणसं उभी आहेत आणि पुढं जागा रिकामी आहे!" त्यांनी दोनदा ओरडून सांगितलं. काकू खिडकीशी बसल्या होत्या. माहेरचा फाटा मागं पडला आणि गाडी घाटाला लागली तेव्हा त्यांनी पदर कानांवर घट्ट ओढून घेतला. इथून पुढचं सगळं त्यांना नवीन होतं. वळणावळणाला त्या मान मागं फिरवून खाली राहिलेला रस्ता बघत होत्या, आणि कंडक्टर आपल्याकडे बघतायत असं वाटलं की लगेच समोर बघायच्या.

गाडी पोहोचली ती दुपारी. एवढ्या वर्षांत कंडक्टर त्या गावी दुपारी कधी पोहोचले नव्हते. स्टँडवर ही गर्दी! टोप्या, पाठीवरच्या पिशव्या, रंगीत गॉगल. डेपोला नवी शेड आली होती, पण तिच्यामागं ती जुनी पत्र्याची खोली अजून होती. कंडक्टरांचा जीव भांड्यात पडला. हाताला धरून त्यांनी काकूंना तिथवर नेलं.

"ही बघ. इथं झोपायचो."

दाराला कुलूप होतं. काकूंनी खिडकीच्या फुटक्या काचेतून आत पाहिलं. आत जुने टायर रचून ठेवले होते.

"दिसलं?"

"टायर दिसले."

"तेव्हा टायर नव्हते. तेव्हा फळ्यांच्या कॉटा होत्या. ती भिंतीकडची माझी. तिकिटांची पेटी उशाशी घ्यायची आणि पडायचं. झालं तुझं समाधान?"

"आणि तळं?"

"नाही म्हणून किती वेळा सांगू?"

"मग ही एवढी माणसं टायर बघायला आलीत?"

खरंच, गाडीतून उतरलेली माणसं सगळी एकाच दिशेनं चालली होती. काकू म्हणाल्या, त्यांच्या मागं जाऊ. आता, साधी गोष्ट होती. पण कंडक्टरांचा ताठा आडवा आला. "या गावात मी दुसऱ्याच्या मागं जाऊ? मला विचार काय ते." आणि ते बरोबर उलट्या दिशेनं निघाले. डेपोच्या उजवीकडचा रस्ता एका पिठाच्या गिरणीपाशी जाऊन संपला. गिरणीवाला पिठानं माखलेल्या भुवयांखालून त्यांच्याकडे बघत राहिला. मग त्यांनी डावीकडचा चढ धरला. तो शाळेला वळसा घालून परत डेपोपाशी आला. तिसऱ्या वेळी त्यांनी एक बोळ निवडला. तो तर त्यांना डेपोच्याच मागच्या अंगाला घेऊन आला, जिथं गाड्या धुतात.

काकूंचे गुडघे बोलायला लागले होते. त्या थांबल्या.

"पुरे झालं आता नाटक."

"कसलं नाटक?"

"वाट चुकल्याचं. अर्धा जन्म ज्या गावात मुक्काम केलात, तिथं वाट चुकता? शेंबड्या पोराला तरी पटेल का हे?"

"अगं, मला खरंच माहीत नाही!"

तेवढ्यात एका तरुण जोडप्यानं त्यांनाच विचारलं, "काका, तळ्याकडे कसं जायचं?"

"विचारा, विचारा," काकू म्हणाल्या. "यांना सगळं ठाऊक आहे. फक्त सांगत नाहीत."

जोडपं ओशाळं हसून निघून गेलं. काकू त्या पत्र्याच्या खोलीबाहेरच्या बाकावर जाऊन बसल्या. मांडीवर डबा घेतला, पण उघडला नाही. "मी इथंच बसते परतीच्या गाडीपर्यंत," त्या म्हणाल्या. "तुम्ही या जाऊन तुमच्या तळ्यावर. सवयीप्रमाणं."

कंडक्टर शेजारी बसले, बाकाच्या दुसऱ्या टोकाला. सांगण्यासारखं सगळं सांगून झालं होतं. रात्री अंधारात यायचो, पहाटे अंधारात जायचो, गाडी बिघडून दिवसा अडकलो तरी इथंच बसून तिच्या नावानं शंख करायचो, पेटी सोडून कुठं हलता यायचं नाही, आणि दिवसभर उभं राहून पाय असे व्हायचे की भिंतीपलीकडे काय आहे हे बघायची इच्छाच उरायची नाही. हे सगळं खरं होतं आणि सगळं ऐकायला खोटं वाटत होतं. त्यांना आता दोघांचाही वैताग आला होता, तिचा आणि स्वतःचा.

दुपार कलली. ड्रायव्हर लोक चहाला गेले. एकेक करून इंजिनं बंद झाली आणि डेपो एकदम शांत झाला.

कंडक्टरांनी मान वर केली.

"ऐक," ते म्हणाले. "ऐकलंस? अजून चालूच आहे!"

"काय?"

"नळ!"

हा नळ काकूंना ठाऊक होता. स्वतःच्या चुलत जावांपेक्षा जास्त ठाऊक होता. मुक्कामाहून परत आले की कंडक्टर बूट काढायच्याही आधी त्या नळाची तक्रार काढायचे. त्या डेपोत रात्रभर कुणीतरी नळ सोडून ठेवतं, धो धो पाणी वाया जातं, कुणाला त्याचं सोयरसुतक नाही. त्यांनी सफाईवाल्याला झापलं होतं, कंट्रोलरला सांगितलं होतं. कंट्रोलर हसून म्हणायचे, "सांगतो हं बंद करायला." रात्री कॉटवरून हे "नळ बंद करा रे!" म्हणून ओरडले की बाकीचे कंडक्टर-ड्रायव्हर खो खो हसायचे. यांना वाटायचं, माजलेत लेकाचे. वर्षानुवर्षं काकूंनी ही कथा दारात उभं राहून ऐकली होती आणि बूट ठेवता ठेवता "हो ना, काय माणसं" म्हटलं होतं.

"निवृत्त झालो तरी नळ तसाच!" कंडक्टर उठले. त्यांचा आवाज आपल्या मूळ पट्टीवर गेला. "काय म्हणायचं या माणसांना? आज मी तो बंद केल्याशिवाय गाडीत पाय ठेवणार नाही!"

आणि ते आवाजाच्या रोखानं तरातरा निघाले. आता हे कुणाशी तरी मारामारी करणार, या भीतीनं काकू डबा सावरत मागं धावल्या. पत्र्याच्या खोलीमागं डेपोची भिंत होती. भिंतीत एक बुटकं दार होतं, नुसतं लोटलेलं. कंडक्टरांनी ते ढकललं. पलीकडे दोन घरांमधली फरशीची चिंचोळी वाट, वाटेवर वाळत घातलेले कपडे. एक चादर हातानं बाजूला सारून कंडक्टर वळले आणि थांबले.

समोर तळं होतं.

चांगलं मोठं, हिरवट पाण्याचं, चारी बाजूंनी पायऱ्या, पायऱ्यांवर माणसं. काठाच्या एका कोपऱ्यात दगडाची रुंद पन्हळ होती आणि तिच्यावरून जास्तीचं पाणी खालच्या ओढ्यात पडत होतं. धो धो. मोठा नळ सोडून ठेवावा तसा आवाज. चावी पिरगाळायला पुढं केलेला कंडक्टरांचा हात अजून पुढंच होता.

जवळच एकजण सायकल धूत होता. कंडक्टरांनी त्याला विचारलं, "हे केव्हा केलं?"

"काय केव्हा केलं?"

"हे. तळं."

त्यानं फडकं पिळलं आणि यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं. "काका, माझ्या पणजोबाच्या आधीपासून आहे ते."

"आणि हे पाणी असंच पडतं? रात्रीसुद्धा?"

"आता पाणी काय रात्री झोपायला जातं? खाली झरे आहेत, बारा महिने पडतं." मग त्याला काय वाटलं कोण जाणे, त्यानं विचारलं, "पहिल्यांदाच आलात वाटतं?"

कंडक्टरांनी मागं वळून त्या बुटक्या दाराकडे पाहिलं. कपड्यांच्या वर पत्र्याचं छप्पर दिसत होतं. एखाद्यानं तिथून हाक मारली असती तर इथं सहज ऐकू आली असती. म्हणजे रात्रीच्या त्यांच्या आरोळ्या इथल्या सगळ्या घरांत ऐकू जात असणार. नळ बंद करा रे. सगळं गाव ऐकत असणार.

मग एकाएकी त्यांच्या लक्षात आलं की ते जिंकलेत. ते काकूंकडे वळले. कितीतरी दिवसांनी त्यांचा चेहरा मोकळा झाला होता.

"पटलं? आता तरी पटलं? मी खोटं बोललो नव्हतो!"

पटलं होतं. हा माणूस नाटक करू शकत नाही, हे काकूंहून जास्त कुणाला ठाऊक होतं? काकूंनी विणलेला स्वेटर आवडल्याचं खोटं खोटं तोंड करणंसुद्धा त्यांना कधी जमलं नव्हतं.

"म्हणजे आईंनी खरंच माझं नाव घेतलं होतं," काकू म्हणाल्या.

"घेतलं होतं. दोनदा घेतलं होतं."

काकू पायरीवर बसल्या. आता खरं तर राग जायला हवा होता, हलकं वाटायला हवं होतं. पण त्यांना काही तसं वाटेना. इतके दिवस चिडून चिडून त्यांनी मनात एक माणूस उभा केला होता. तो कामावरून सुटला की हात मागं बांधून या पायऱ्यांवरून चालायचा, गार वाऱ्यात बसायचा, पाण्यातले दिवे बघायचा. त्याचा त्यांना मनस्वी हेवा वाटायचा, संताप यायचा. तो माणूस कधी नव्हताच. होता तो पलीकडे पत्र्याखाली, फळीवर, तिकिटांची पेटी उशाशी घेऊन, सुजलेले पाय भिंतीला लावून, याच पाण्याला शिव्या देत पडलेला.

"अगं, बोल ना," कंडक्टर म्हणाले. "एकदा म्हण तरी, तुमचं खरं होतं म्हणून. इतके दिवस जीव खाल्लास माझा."

काकूंनी पदरानं डोळे पुसले.

"खोटं बोलला असतात तर बरं झालं असतं," त्या म्हणाल्या.

"काय?"

"निदान दोघांतल्या एकानं तरी बघितलं असतं."

त्यांनी डबा बाजूला ठेवला आणि त्या पाण्याकडे बघत राहिल्या. कंडक्टर उभेच होते. इतके दिवस हिचे टोमणे एकदाचे थांबावेत म्हणून त्यांनी जिवाचं रान केलं होतं. आता हिनं पुन्हा भांडायला लागावं, आत्ताच्या आत्ता काहीतरी लागट बोलावं, असं त्यांना फार वाटलं.